निंबगावची नवी लाट

निंबगाव प्रवऱ्याचे सबपोस्टमास्तर राधाकृष्ण पानसंबळ यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पॉप बँड काढला आणि तो एकंदर बावन्न दिवस टिकला. त्यात कार्यक्रम झाला एकच. पण त्या एका कार्यक्रमाला जेवढी माणसं लोटली, तेवढी त्याआधी गावात एकदाच जमली होती, सर्कशीचा हत्ती पाटात बसून राहिला तेव्हा. हत्ती बघायला मात्र कुणी फावडं घेऊन आलं नव्हतं.

हे सगळं पुण्याहून आलं. त्र्याहत्तर साल नुकतं लागलं होतं. खात्याच्या ट्रेनिंगसाठी राधाकृष्ण तीन आठवडे पुण्याला राहिले आणि एका संध्याकाळी चहा प्यायला म्हणून एका हॉटेलात शिरले. तिथे कोपऱ्यात चार पोरं गिटारी घेऊन उभी होती. केस मानेवर, पँटी खाली घंटेसारख्या. त्यातला एक तर गातही नव्हता, नुसता ओरडत होता, आणि लोक त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. राधाकृष्ण अकरा वर्षं काउंटरमागून ओरडत होते. त्यांच्याकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. चहा गार झाला. टेबलाखाली आपला उजवा पाय आपल्याला न विचारता हलतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी तो थांबवला नाही.

परतीच्या एसटीत बाकावर कुणीतरी टाकून दिलेलं एक साप्ताहिक मिळालं. त्यात लिहिलं होतं की सिनेमात, कवितेत, कपड्यांत, सगळीकडे सध्या नवी लाट आलेली आहे. राहुरीचा स्टँड येईपर्यंत बँडचं नाव ठरलं होतं.

"येऊ दे की लाट," त्यांच्या पत्नी विजयमालाबाई म्हणाल्या. त्या भाकरी थापत होत्या. "आपण काय करायचं?"

"सामील व्हायचं."

"अहो, पण तुम्हाला गाता कुठं येतं?"

या प्रश्नाला राधाकृष्णांकडे पुण्याचंच उत्तर होतं. ते म्हणाले, "यात गाता येण्याची अट नसते."

बँड जमायला आठवडा लागला. पहिले आले आमोस भिंगारदिवे. मिशनच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये हार्मोनियम वाजवत. एक परदेशी पाद्री मायदेशी जाताना आपली गिटार त्यांना देऊन गेला होता. तिच्या सहा तारांपैकी पाचच उरल्या होत्या. सहावी तार तालुक्यात मिळेना, म्हणून आमोस सरांनी सायकलच्या ब्रेकची बसवली. तिचा सूर बाकीच्या पाच जणींशी कधीच जुळला नाही, पण ब्रेकचा गुण तिच्यात कायम होता. ती वाजली की सगळेच थांबत.

दुसरा छगन. लग्नाच्या बँडमध्ये तो मोठा ढोल वाजवायचा. पण त्या वर्षी पाऊस नव्हता, पीक नव्हतं, त्यामुळे लग्नंही नव्हती, आणि छगन दुष्काळी कामावर खडी फोडत होता. "हातोडीनं ताल सुटंना मास्तर," तो म्हणाला, "पर खडी काई नाचत न्हाई." गाणं कुठलंही असो, छगन ते वरातीच्या चालीतच घेई. जन्मभर चालत वाजवलेलं, त्यामुळे उभ्याने वाजवतानाही तो हळूहळू पुढे सरके. तालीम संपायची तेव्हा तो खोलीतून निघून ओट्यावर पोचलेला असे.

आणि तिसरे स्वतः राधाकृष्ण. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं बुलबुलतरंग माळ्यावर होतं, ते खाली आलं. त्याच्या बटणांवर त्यांची बोटं झपाझप पडत, कारण अकरा वर्षं त्यांनी पोस्टातल्या तारायंत्राची कडकट्ट केलेली होती. एकदा ते डोळे मिटून असे काही रंगले की आमोस सर थांबून ऐकत राहिले. नंतर राधाकृष्णांनी खाजगीत कबूल केलं की हात आपोआप चालत होता, आणि तो 'मदर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली' वाजवत होता.

बेलबॉटम देवळालीच्या शिंप्याकडून शिवून घेतली. त्याने ती पूर्वी पाहिलेली नव्हती. "खाली किती सोडू?" त्याने विचारलं. "सढळ हाताने सोडा," राधाकृष्ण म्हणाले. शिंप्याने सोडलं. पहिल्याच दिवशी डावा पाय सायकलच्या चेनमध्ये गेला आणि तालुक्याच्या रस्त्यावर, भर बाजाराच्या दिवशी, सरकारी नोकर राधाकृष्ण पानसंबळ सायकलला बांधल्यासारखे अर्धा तास उभे राहिले. येणारा जाणारा थांबून सल्ला देई. कुणी म्हणालं पँट कापा, कुणी म्हणालं चेन कापा. एका म्हाताऱ्याने तर दोन्ही बैलांसकट गाडी थांबवली आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, हे लुगडं कुणाचं अडाकलं?"

तालीम पोस्टामागच्या राहत्या खोलीत, कामाची वेळ संपल्यावर होई. भिंतीला भिंत लागून गोजरबाई राहत. तिसऱ्या दिवशी त्या वाटीत अंगारा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"कुनाला लागीर झालं?" त्यांनी विजयमालाबाईंना विचारलं.

"कुणाला नाही. गाणं आहे ते. पॉप."

"पाप हाय ते आमालाबी ऐकू येतंय. पर कुनी केलं?"

मग सल्ल्यांना खंड राहिला नाही. पोस्टकार्ड घ्यायला येणारा प्रत्येक माणूस कार्डाबरोबर सल्ला देऊन जाई. मधे एक अभंग टाका. अभंग टाकताय तर गौळणही टाका. बाई नाचणार नसेल तर बघायला कोण येणार? सगळं ऐकून राधाकृष्ण मंद हसत. पुढे जाणाऱ्या माणसाला मागे राहिलेल्यांचं असं ऐकावंच लागतं, असं ते विजयमालाबाईंना सांगत. त्या म्हणत, "पुढं जा, पण डाळ आणून जा."

चार गाणी बसली. शब्द राधाकृष्णांचेच. त्यातलं मुख्य गाणं असं होतं: 'या या या, शाबाडाबा या'. आता जाहीर कार्यक्रम करायचा ठरला, आणि त्यासाठी परवानगी हवी होती.

तालुक्याच्या कचेरीत कानिफनाथ नावाचे हेडक्लार्क होते. माणूस प्रामाणिक. एका पैशाचा लोभ नाही, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे कुणाचा इलाज चालत नसे. त्यांनी अर्ज वाचला, उलटा करून मागचा कोरा भागही वाचला आणि छापील फॉर्म काढला.

"तमाशा, नाटक, भजन, कीर्तन, जादू, सर्कस," ते म्हणाले. "यातलं तुमचं कुठलं?"

"पॉप," राधाकृष्ण म्हणाले.

"ते यात नाही."

"नवीनच आहे."

"फॉर्म जुनाच आहे." कानिफनाथांनी चष्मा काढून पुसला. "सर्कशीत बसवू का? 'जनावरांशिवाय' असा शेरा मारता येईल."

राधाकृष्णांचा चेहरा पडला, पण त्यांनी मान हलवली. मग गाण्याचे शब्द तपासायला घेतले. कानिफनाथांनी लाल पेन्सिल उचलली.

"'या या या'. हे कुणाला बोलावताय?"

"कुणालाच नाही. तो एक उद्गार आहे."

"उद्गार तीनदा कसा? माणसं बोलावताय तर किती ते लिहा. शंभरच्या वर पोलीस बंदोबस्त लागतो."

राधाकृष्णांनी समासात लिहिलं, 'श्रोत्यांना उद्देशून, शंभरच्या आत.'

"'शाबाडाबा' म्हणजे?"

इथे राधाकृष्ण अडले. बाहेर झाडाखाली आमोस सर वाट बघत होते, त्यांना विचारून ते परत आले आणि म्हणाले, "म्हणजे आनंद."

"मग 'आनंद' लिहा."

"चालीत बसत नाही."

कानिफनाथांनी खाली टीप लिहिली, 'शाबाडाबा म्हणजे आनंद, असे अर्जदाराचे म्हणणे.' आणि मग ते जाहिरातीच्या मजकुराकडे वळले. जाहिरात आठ दिवस आधी दर्शनी जागी लावलीच पाहिजे, आणि लावल्याचा तारखेसह पुरावा पाहिजे, असा नियम होता. राधाकृष्णांनी मजकूर करून आणला होता: 'नवी लाट पॉप ग्रुपचा गाण्यांचा बहारदार कार्यक्रम'. कानिफनाथ एकेक शब्दावर पेन्सिल टेकवत गेले. पॉप ग्रुप नोंदणीत नाही, काढा. गाणी लिहिलंत तर करमणूक कराचा वेगळा अर्ज, त्याला एक महिना. कार्यक्रम लिहिलंत तर कशाचा ते लिहावं लागेल, म्हणजे पुन्हा गाणी आली. काढा. बहारदार हे तुमचं मत झालं. 'स्वतःचे बसायचे सामान आणावे' यात बसायचे म्हटलं की आसनव्यवस्था आली, आणि तिला आगीच्या बंबाचा दाखला लागतो.

"मग राहिलं काय?" राधाकृष्णांनी विचारलं.

"'नवी लाट' ठेवा. तिच्यावर कुठलाच कर नाही."

संध्याकाळी पोस्टाच्या दारावरच्या फळीवर जाहिरात लागली. अक्षर राधाकृष्णांचं, मोत्यासारखं:

*नवी लाट! येत्या शनिवारी सायंकाळी ठीक पाच वाजता. स्थळ: पाटाकडेचे शाळेचे मैदान. सर्वांसाठी मोफत. स्वतःचे सामान आणावे. सर्व ग्रामस्थांनी लाभ घ्यावा.*

आणि तारखेचा पुरावा हवा होता, तेव्हा त्यांनी आपल्या रोजच्या सवयीने चारी कोपऱ्यांवर पोस्टाचा गोल शिक्का दणादण मारला.

त्या वर्षी पाटाला चार महिने पाणी नव्हतं. पाटाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि शेळ्या त्यातून चालत होत्या. हे राधाकृष्णांना माहीत नव्हतं असं नाही. रोज येता जाता ते त्या कोरड्या पाटाकडे बघून उसासा टाकत. पण माणूस आपल्याच लाटेत असला की दुसरी लाट त्याला सुचत नाही.

सोमवारी भीमाजी तात्या काउंटरवर आले. वय सत्तरीचं, अंगावर बंडी, तीन एकर जमीन आणि एक मुलगा मुंबईला गिरणीत.

"मास्तर, लाट किती येळ चालनार?"

राधाकृष्णांना भरून आलं. "दीड तास, तात्या."

"दीडच तास? मंग आमच्या वावरापत्तूर काई यायची न्हाई."

"येईल की! लाउडस्पीकर लावतोय. तुमच्या वावरात बसून ऐकू येईल."

"ऐकून काय करू?" मग तात्यांनीच स्वतःची समजूत घातली. "म्हंजी सुटल्याचा भोंगा व्हय? ते बरं केलं. आनि समद्यांना फुकाट?"

"सगळ्यांना फुकट."

"सरकार बदाललं म्हनायचं," असं पुटपुटत तात्या गेले.

मंगळवारपासून राधाकृष्णांना एक गोष्ट दिसू लागली आणि तिने त्यांना हुरूप आला. पाटापासून निघणाऱ्या चाऱ्या लोक साफ करत होते. बायका कचरा उपसत होत्या, पुरुष बांध नीट करत होते. "बघा," ते आमोस सरांना म्हणाले, "कार्यक्रमासाठी गाव स्वच्छ करताहेत. आपल्या लोकांना कलेची कदर नाही असं कोण म्हणतं?" आमोस सर म्हणाले की पाद्रीसाहेबांच्या भेटीलासुद्धा एवढी साफसफाई झाली नव्हती. दोघांनी त्या दिवशी तालीम दुप्पट केली.

शनिवारी दुपारी राधाकृष्ण जेवायला बसले होते. विजयमालाबाई वाढता वाढता थांबल्या.

"अहो, गोजरबाई विचारत होत्या, आज पाणी सुटल्यावर गुरांपुरतं कडवळ पेरलं तर येईल का?"

"कुठलं पाणी?"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाल्या, तुमच्या मालकांनीच लिवून लावलंय, शिक्क्यासकट."

राधाकृष्ण ताटावरून उठले, दारात गेले आणि आपलीच जाहिरात त्यांनी निंबगावचा माणूस होऊन वाचली. नवी लाट. पाटाकडे. मोफत. स्वतःचे सामान आणावे. लाभ घ्यावा. चार शिक्के. हातावरचं उष्टं वाळून गेलं तरी ते तिथेच उभे होते. आत येऊन ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "मला ताप आलाय."

विजयमालाबाईंनी कपाळाला हात लावला. "नाही आला."

"मग येईल."

आमोस सर धावत आले. त्यांनाही रस्त्यात कळलं होतं. त्यांचं म्हणणं, चारची एसटी पकडून श्रीरामपूरला जावं आणि तिथून कार्यक्रम रद्द झाल्याची तार करावी. "तार इथे मीच घेतो," राधाकृष्ण म्हणाले. "मी तिकडे असलो तर इथे घेणार कोण?" मग छगन ढोल घेऊन आला. त्याला कशाचीच चिंता नव्हती. त्याने स्वतःची चारीसुद्धा साफ करून ठेवली होती.

"तुला माहीत होतं?" राधाकृष्ण ओरडले.

"व्हय की. पानी यायच्या वक्ताला वाजवायचं, म्हनूनच तर बँड ना? मला वाटलं तुमाला ठाव हाय."

"छगन, पाणी नाहीये!"

छगनने ढोल खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मंग मास्तर, लई मानूस आलंय."

माणूस खरोखरच आलं होतं. सहाशे तरी असतील. आसपासच्या पाच वाड्यांतून बैलगाड्या आल्या होत्या. प्रत्येकाच्या खांद्यावर फावडं, कुदळ, घमेलं. बायका डोक्यावर रिकामे हंडे घेऊन पाटाच्या कडेला रांगेने उभ्या होत्या, आणि सगळी तोंडं पाटाच्या वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे. मैदानात टेबलं जोडून केलेल्या स्टेजकडे कुणाची पाठ नव्हती इतकंच, पण तोंडही नव्हतं. पुढच्या एकमेव खुर्चीवर कानिफनाथ बसले होते. मांडीवर फाइल. शंभरच्या वर माणसं झाल्याची नोंद त्यांनी केलेली दिसत होती.

विजयमालाबाई बरोबर आल्या होत्या. "ती पँट बदला तरी," त्या म्हणाल्या होत्या, पण राधाकृष्णांच्या हाताने बटणं सुटेनात, तेव्हा बेलबॉटमसकट ते स्टेजवर चढले. पाय कापत होते आणि खाली तेवढंच कापड कापत होतं, त्यामुळे ते सहाशे माणसांना स्पष्ट दिसत होतं. माइक समोर आला. पुण्यात त्या पोराने माइक कसा एका हाताने धरला होता! राधाकृष्णांनी दोन्ही हातांनी धरला.

"मंडळी," ते म्हणाले, "पाणी येणार नाही."

लाउडस्पीकर चांगला होता. तात्यांच्या वावरापर्यंत ते ऐकू गेलं असेल.

"ती जाहिरात माझी होती. सरकारची नव्हती. नवी लाट हे आमच्या बँडचं नाव आहे. आम्ही तिघं आहोत. मला वाटलं तुम्ही आमचं गाणं ऐकायला येताय. मी मंगळवारपासून तुम्हाला चाऱ्या साफ करताना बघितलं आणि मला ते कळलं नाही. चूक माझी आहे. ह्या दोघांची नाही." एक हात सोडून त्यांनी मागे दाखवलं. "मी शेतकऱ्याच्याच घरातला आहे. मला कळायला हवं होतं."

एका बाईने डोक्यावरचा हंडा उतरवून खाली ठेवला, तो आवाज आला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "शिक्का हुता त्याच्यावर! पोस्टाचा शिक्का!" आणि गर्दी पुढे सरकली.

कानिफनाथ उठून उभे राहिले. कर्तव्यच होतं त्यांचं. फाइल उघडून ते मोठ्याने म्हणाले, "परवानगीत पाण्याचा उल्लेख कुठेही नाही. सर्कस, जनावरांशिवाय, असा उल्लेख आहे."

याने फायदा झाला नाही. गर्दी आणखी पुढे आली. आमोस सरांनी डोळे मिटले. ते प्रार्थना करत होते की एसटीची वेळ आठवत होते हे त्यांनी नंतरही सांगितलं नाही. तेवढ्यात भीमाजी तात्या सगळ्यांच्या पुढे आले. फावडं त्यांनी स्टेजच्या टेबलाला टेकवलं. अर्धा मैल चारी त्यांनी एकट्याने साफ केली होती. हाताला फोड आलेले दिसत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "पानी न्हाई. बरं. मंग तुमी हितं काय करनार हुता?"

"वाजवणार होतो."

"कशापायी?"

राधाकृष्णांनी उत्तर शोधलं. साप्ताहिकात लिहिलेलं सगळं त्यांना आठवलं आणि त्यातलं काहीच सांगावंसं वाटेना. "बरं वाटतं म्हणून," ते म्हणाले.

तात्या मागे वळले. लोकांकडे बघितलं, कोरड्या पाटाकडे बघितलं. "तीन तीन कोस चालून मानसं आल्याती," ते कुणाला उद्देशून नाही असे म्हणाले. "रिकामं कसं जायाचं? वाजवा." आणि फावडं आडवं टाकून ते त्याच्या दांड्यावर बसले.

ते बसले म्हणून मागचे बसले. राधाकृष्णांनी छगनकडे बघितलं. छगनने ढोल गळ्यात घातला. बुलबुलतरंगावर पहिलं बटण दाबलं तेव्हा राधाकृष्णांना शब्द आठवत नव्हते, म्हणून तोंडाला जे आलं ते त्यांनी म्हटलं.

"या या या..."

"आलोच हाय की!" मागून एक जण ओरडला.

मग एक बाई फिसकन हसली. तिच्या शेजारची हसली. राधाकृष्ण घाबरून पुन्हा म्हणाले, "या या या," आणि आता शंभरेक गळ्यांनी उत्तर दिलं, "आलोच हाय की!" तिसऱ्यांदा सगळं मैदान ओरडलं. आमोस सर उत्साहाने तारांवर तुटून पडले, तशी ब्रेकची तार तुटली आणि सर्रकन जाऊन कानिफनाथांच्या टोपीसकट फाइलीत अडकली. हसू जे फुटलं ते पाटाच्या पलीकडे गेलं. कानिफनाथ टोपी सोडवत बसले आणि छगन, जो आता स्टेजच्या पायऱ्या उतरून गर्दीत चालू लागला होता, त्याच्या मागे माणसं फावड्यांवर दगड वाजवत निघाली. ते पॉप राहिलं नव्हतं, वरात तर नव्हतीच. त्या वर्षी निंबगावात कुणाचंच लग्न झालं नव्हतं, पण नाचायचं राहून गेलेले सगळे त्या संध्याकाळी नाचले. चार गाणी होती, ती दोनदा झाली. दिवस मावळला तशा गाड्या जुंपल्या गेल्या आणि माणसं रिकामे हंडे घेऊन गेली. जाताना कुणी राधाकृष्णांना शिवी दिली नाही. तात्या एवढंच म्हणाले, "त्यो शिक्का जपून वापरा."

घरी येऊन राधाकृष्ण पाणी प्यायले आणि खाटेवर आडवे झाले. "संपलं," ते म्हणाले. पण संपलं नव्हतं.

बुधवारी पोस्टाच्या थैलीत आणि पेटीत मिळून दोन प्रकारची पत्रं निघाली. एक प्रकार आमंत्रणांचा. सात गावांना लाट हवी होती. पारनेरकडच्या एका सरपंचांनी लिहिलं होतं की आमच्याकडे तर प्यायलाही पाणी नाही, तरी लवकर यावे. दुसऱ्या प्रकारचं एकच पत्र होतं. नगरच्या वरिष्ठांच्या नावे निनावी पोस्टकार्ड. राधाकृष्णांनी नियमाप्रमाणे ते वाचलं नाही. पण कार्ड उघडंच असतं, त्यामुळे 'लाट', 'शिक्का' आणि 'फसवणूक' हे तीन शब्द डोळ्यांत शिरलेच. त्यांनी त्यावर शिक्का मारला, सरळ, रेषा न हलता, आणि थैलीत टाकलं.

"फेकून द्यायचं होतं," विजयमालाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"दुसऱ्याचं पत्र आहे ते," राधाकृष्ण म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

नगरहून चौकशीला साहेब आले. कोरडा माणूस, बरोबर ब्रीफकेस. नोकरी जाईल, निदान बदली, निदान पगारवाढ थांबेल, असं राधाकृष्ण मनात खाली खाली येत होते. साहेबांनी जाहिरात मागितली. फळीवर ती नव्हती. कुणीतरी काढून नेली होती, आणि कुणी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग साहेबांनी गावकऱ्यांना एकेक करून बोलावलं. राधाकृष्ण काउंटरमागे उभे राहून ऐकत होते.

"तुम्हाला सरकारी पाणी मिळेल असं सांगण्यात आलं होतं का?"

"कसलं पानी?" भीमाजी तात्या म्हणाले. "आमी गानं ऐकाया गेल्तो."

"मग फावडी कशाला नेली?"

"बसाया."

"फावड्यावर?"

"सामान आपापलं आना म्हनले हुते. आमच्याकं खुर्च्या न्हाईत सायेब."

दुसऱ्यानेही तेच सांगितलं. गोजरबाईंना विचारलं, हंडे कशाला? त्या म्हणाल्या, वाजवाया. एकवीस माणसांनी एकवीस वेळा तेच सांगितलं, इतकं सारखं की साहेबांना संशय आला. पण लिहून घेण्याशिवाय त्यांच्याकडे उपाय नव्हता. काउंटरमागे राधाकृष्णांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसला.

साहेबांनी शेवटी निकाल दिला. खात्याची फसवणूक सिद्ध होत नाही. मात्र खात्याच्या नोकराने पूर्वपरवानगीशिवाय असा उद्योग करणं योग्य नाही. "यापुढे कोणत्याही स्वरूपाची लाट काढणार नाही, असं लिहून द्यावं लागेल. तुम्हाला हरकत असेल तर अपील..."

राधाकृष्णांनी सही करून कागद परत दिलासुद्धा होता.

संध्याकाळी आमोस सर आले तेव्हा त्यांनी ही बातमी चेहरा गंभीर ठेवून सांगितली. आमोस सरांनी डोळे मिटले. "देव दयाळू आहे," ते म्हणाले. त्या सात आमंत्रणांना नाही कसं म्हणायचं हे त्यांना कळत नव्हतं, आणि हार्मोनियम, तिच्या सगळ्या तारा आपापल्या जागी असताना, म्हणजे तिला ताराच नसताना, किती गुणी वाद्य आहे हे त्यांना नव्याने कळलं होतं. छगनला दोन गावांनी लग्नाच्या सुपाऱ्या दिल्या होत्या, त्या त्याने आधीच घेतल्या होत्या. "मला वाटलं तुमाला वाईट वाटंल, म्हनून बोललो न्हाई," तो म्हणाला. तिघं ओट्यावर बसून चहा प्यायले. पंधरा दिवसांत राधाकृष्णांना चहाची चव पहिल्यांदा लागली.

दुसऱ्या दिवशी भीमाजी तात्या कार्ड घेऊन आले. मुंबईच्या मुलाला लिहायचं होतं. राधाकृष्णांनी दौत पुढे ओढली.

"तात्या," ते म्हणाले, "काल खोटं का बोललात माझ्यासाठी?"

"खोटं कुठं? बसलोच हुतो की फावड्यावर." तात्या काउंटरला टेकले. "लिवा. हितं समदं बरं हाय. पानी न्हाई, पर बरं हाय. म्हशीला चारा छावनीतून मिळतोय. काळजी करू नगं."

राधाकृष्ण लिहीत गेले.

"आनि लिवा, मागं एका शनवारी पोस्टमास्तरांचं गानं झालं."

टाक थांबला. राधाकृष्णांनी मान वर केली नाही. "कसं झालं म्हणून लिहू?"

तात्यांनी बराच विचार केला. बाहेर रस्त्याकडे बघितलं, हनुवटी खाजवली, दोनदा तोंड उघडून मिटलं. कुणाचं मन दुखवायचं नाही आणि मुलाशी खोटंही बोलायचं नाही, अशा पेचात पडलेला माणूस जितका वेळ घेतो तितका वेळ त्यांनी घेतला.

"लिवा," ते शेवटी म्हणाले, "संपलं एकदाचं."

राधाकृष्णांनी ते मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, खाली रेघ ओढली, आणि इतके मोठ्याने हसले की आतून विजयमालाबाई हातातली परात तशीच घेऊन बघायला आल्या.